बसल्या जागची माया

माझ्या मुलानं माझ्या पाठीमागं माझ्या नातीचं रडणं काढून घेतलं. मी छबूच्या दहाव्याला घाटावर गेले होते. सकाळी आठला गेले, दुपारी दीडला आले. तेवढ्यात यानं काम उरकलं, घरात कुणी नाही बघून चोर उरकतो तसं. आणि वर मलाच विचारतो, "आई, दमलीस ना? चहा टाकू?"

चाळीस वर्षांत या पोरानं आपण होऊन चहा टाकलेला नाही. तेव्हाच मी ओळखलं, यानं काहीतरी केलंय.

मी तिसरी पास. इचलकरंजीत मागाच्या कारखान्यात एकतीस वर्षं सुताच्या कांड्या भरल्या, त्यावर घर उभं केलं आणि मुलाला डोक्याचं यंत्र बनवण्याइतकं शिकवलं. त्या यंत्राविषयी मोठमोठी माणसं इंग्रजीत लिहितात. माझं हे मराठीत असू दे. शुद्धलेखनाच्या चुका काढणाऱ्यांनी आधी माझ्यासारखी भाकरी थापून दाखवावी, मग बोलावं.

छबू माझ्या शेजारच्या यंत्रावर होती. एकतीस वर्षं तिचं डावं कोपर आणि माझं उजवं कोपर एकमेकांना लागत होतं. पुढं घरंही शेजारी बांधली, मधली भिंत दोघींत एकच. तिचा नवरा गेला, लेक संगीता लग्न होऊन भिवंडीला गेली, तशी छबू एकटी राहिली. पण ती एकटी कसली? दिवसभर माझ्या ओट्यावर. "शालन," म्हणायची, "तुला देवानं तोंड दिलं आणि ते बंद करायची कळ द्यायला विसरला." मी म्हणायचे, "तुझी कळ काढून मला लावली असती, पण तुझीही बिघडलेलीच निघाली."

आता त्या पट्टीचं सांगते.

सुहासची प्रयोगशाळा कोल्हापूरला. रोज जातो, रोज येतो. सून बंगळुरूला नोकरीत, महिन्यातून दोनदा तोंड दाखवते. शर्वी, नऊ वर्षांची, माझ्याजवळ. तीन वर्षांपूर्वी सुहासनं एक पट्टी आणली. कपाळाला बांधायची, बोटभर रुंद, पुढं गव्हाच्या दाण्याएवढा दिवा आणि आतून दोन टोकं. मी विचारलं, हे काय? तर लहानपणी मी त्याला पाढे समजावून सांगायचे तशा आवाजात त्यानं मला समजावलं.

"आई, समोरच्याला लागलं की बघणाऱ्याच्याही डोक्यात दुखतं. खरोखर दुखतं. जिथं स्वतःचं दुखणं उमटतं, जवळजवळ तिथंच दुसऱ्याचंही उमटतं. त्याला आपण कळ म्हणू. ही कळ सोसत नाही म्हणून माणूस तोंड फिरवतो. दवाखान्यातल्या नर्सबाया हिच्यामुळंच थकतात, चिडतात. पण वर्षानुवर्षं ध्यानाला बसलेल्या साधूंची डोकी आम्ही तपासली. त्यांना दुसऱ्याचं दुःख दाखवलं की कळ थोडीच उठते आणि तिच्या जागी दुसरंच काहीतरी उमलतं. ऊबदार. त्याला माया म्हणू."

"मग?"

"मग ही पट्टी कवटीबाहेरून ते वाचते. टॅबलेटवर कळेची रेघ लाल, मायेची हिरवी, दिवाही तसाच. पोर ध्यानाला बसलं, समोर कुणाचं दुःख आणलं आणि डोकं मायेकडं झुकलं, की पट्टी बारीकसा झटका देऊन त्या वाटेला शाबासकी देते. कळ उठली की तिला थोपटून निजवते. साधूला वीस वर्षं लागली ते पोराला एका वर्षात जमतं."

मी विचारलं, "ते साधू ध्यान झाल्यावर काय करायचे?"

"काय म्हणजे?"

"उठायचे की नाही कधी?"

तो हसला. "उठायचे की. झाडलोट करायचे, पाणी भरायचे, आजारी माणसाची शी-मूत काढायचे. पण ते आमच्या कामाचं नव्हतं, आई. आम्ही त्यांची डोकी बसल्या वेळचीच तपासली."

हे वाक्य मी तेव्हा सोडून दिलं. आज ते मला सोडत नाही.

खोटं कशाला बोलू? मला पट्टीचा अभिमान होता. शाळेत पोरांना ती बांधायची तर घरच्यांची संमती लागत होती, आणि गल्लीत पहिली सही माझी. 'शालन' ही तीन अक्षरं मी ठळक काढली. रोज सकाळी शर्वीच्या वेण्या घालून झाल्या की माझ्याच हातानं पट्टी बांधायचे. आधी ही पोर चावरी होती. खोडरबरावरून एका मुलीच्या दंडाला चावली होती, दात उठले होते. वर्षभरात अशी निवळली की बघत राहावं. भांडण नाही, हट्ट नाही. कुणी पडलं तर हात छातीवर ठेवायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "तुझं दुःख मला कळतंय." शाळेत तिचा पहिला नंबर. मी बाजारात भाजी घेतानासुद्धा सांगायचे. हळूहळू मोठ्यांसाठीही पट्ट्या निघाल्या, गल्लीत बहुतेकांनी घेतल्या. सुनेनंही घेतली. मी नाही घेतली, माझं कपाळ कुंकवासाठी आहे. छबू म्हणाली, "मला कशाला? माझ्या मिशरीनं सगळी दुःखं जातात."

तीच एकदा मला म्हणाली होती, "शालन, तुझी नात गोड झालीय गं. पण परवा माझ्या हातातनं कळशी निसटत होती, तर ही समोर उभी राहून डोळ्यांत पाणी आणून बघत बसली. आधीची असती तर कळशी धरली असती आणि वर मला हसली असती."

मी काय म्हणावं? मी म्हणाले, "तुला जळायचंय तर जळ. तुझी नातवंडं अजून यायचीत." संगीताला तेव्हा नुकते दिवस गेले होते. छबू गप्प बसली. ती कधी गप्प बसत नसे. ते शब्द परत घ्यायला मला सहा महिने मिळाले होते, मी घेतले नाहीत.

तो शनिवार होता. अर्ध्या दिवसाची शाळा. मी शर्वीला छबूकडं बसवून गिरणीत दळण आणायला गेले. वीज गेली, तास-सव्वा तास तिथंच अडकले. पिठाचा डबा घेऊन परत आले तर छबूचं दार सताड उघडं. छबू उंबऱ्यावर आडवी, घामानं पातळ भिजलेलं, ओठ काळेनिळे. शर्वी शेजारी मांडी घालून बसलेली. एक हात छबूच्या छातीवर, डोळे मिटलेले, गालांवरून पाणी वाहतंय. शाळेतून आल्यावर पट्टी काढायची राहिली होती, दिवा हिरवागार. छबूचा फोन दोन हात अंतरावर पडलेला.

"शर्वे! काय झालं गं हिला?"

तिनं डोळे उघडले. "छबूआजीच्या छातीत दुखायला लागलं. मी तिच्यासोबत आहे, आजी. मी कधीची तिच्यासोबत आहे."

"कधीची म्हणजे?"

"तू गेलीस तेव्हापासून."

मी पोरीच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. ती रडली नाही. माझा हात धरून म्हणाली, "आजी, तुला त्रास होतोय." आणि माझ्याकडं अशा मायेनं बघितलं की माझ्या अंगावर काटा आला.

रिक्षा आणली, दवाखाना गाठला. छबूनं वाटेत एकदा डोळे उघडले, मला बघून तोंड हलवलं. काय म्हणायचं होतं कुणास ठाऊक. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाला, "अर्धा तास आधी आणायचं होतं, आजी." त्याच्याही कपाळावर पट्टीचे दोन वळ होते. हात छातीवर ठेवून त्यानं डोळे मिटले. मी त्याच्या तोंडावर दार आपटून बाहेर आले.

माती झाली. भिवंडीहून संगीता आली, सातवा महिना, बरोबर जावई. आमच्याकडं रीत अशी की मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारपाजारच्यांनी पिठलं-भाकरी करून न्यायची, घरच्यांना बळंबळं खायला लावायची. त्याला कडू घास म्हणतात. घास घशाखाली उतरत नाही, तरी समोरचा हलत नाही, "दोन घास खा" म्हणत बसतो. पुढचे दहा दिवसही डबे शेजारून जातात. कुणी कुणाला आठवण करायची नसते.

संध्याकाळी गल्ली आली. सगळी आली, मी म्हणणार नाही की आली नाहीत. दारासमोर चटया टाकून बसली. कपाळांवर हिरवे दिवे. वीस मिनिटं बसली. खरंखुरं रडली, खोटं नाही. कोपऱ्यावरचा दूधवाला हुंदके देऊन रडला. मग सगळ्यांनी एकदम मोठा श्वास सोडला, चेहरे धुतल्यासारखे मोकळे झाले, चटया गुंडाळल्या आणि घरोघर जेवायला गेली.

एकाच्याही हातात भाकरी नव्हती.

संगीता भिंतीला टेकून बसली होती. सकाळपासून पोटात चहासुद्धा नाही, आणि पोटात दुसरा जीव. मला म्हणाली, "काकू, सगळे किती चांगले आहेत, नाही?" आणि तिला भोवळ आली.

मी घरात गेले, परातीत पीठ घेतलं. मळता मळता मला मागाची आठवण झाली. मागावर आडवा धागा तुटला की एक काटा खाली पडतो आणि माग आपोआप थांबतो. मग कामगार उठतो, गाठ मारतो. एकदा एका शहाण्यानं तो काटा काढून ठेवला होता. सारखा माग थांबतो, काम खोळंबतं म्हणून. दिवसभर माग छान चालला, कुठं खळखळ नाही. संध्याकाळी कापड उलगडून बघितलं तर वारभर आडवा धागाच नाही. कळ म्हणजे तो काटा. पोटात तुटतं म्हणून माणूस उठतो. उठून काहीतरी करतो, तेव्हा कुठं पोटातलं थांबतं. या पट्टीनं ते बसल्या जागीच थांबवलं. मग उठेल कोण आणि कशाला?

मी शर्वीची पट्टी सोडली आणि पिठाच्या डब्यात खुपसली. म्हटलं, "हात धू. भाकरी थाप."

"मला येत नाही."

"मलाही आईच्या पोटातून येत नव्हती."

वेडीवाकडी झाली, कडा फाटल्या. दोघींनी डबा नेला. संगीतासमोर बसून शर्वीनं तिला घास भरवला. पहिला घास संगीतानं चावला आणि तिला आईची आठवण येऊन रडू फुटलं, आणि शर्वी बघत राहिली. पट्टी नव्हती. मी तिचा चेहरा बघत होते. आधी नुसता गोंधळ. मग तोंड वाकडं झालं. मग ती डबा टाकून माझ्या पातळात घुसली आणि ओरडली, "आजी, मी उठले का नाही? फोन तिथंच होता! मी उठले का नाही?"

 मी तिला धरून बसले.

नऊ दिवस ती रडली. जेवताना, वेणी घालताना, चित्र काढताना. पण रोज अकराच्या ठोक्याला उठायची, माझ्याकडून डबा भरून घ्यायची आणि संगीताकडं जायची. मी एकदाही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी संगीताचे पाय सुजलेले बघून आली आणि मला म्हणाली, "आजी, मीठ घातलेलं गरम पाणी दे." सहाव्या दिवशी शेजारच्या म्हाताऱ्याची काठी पडली तर ही धावत जाऊन उचलून देऊन आली, रडता रडता, नाक पुसत. मला आनंद झाला. लाज वाटली, छबूचा दहावा व्हायचाय आणि मला आनंद होतोय म्हणून. पण झाला.

सुहासला हे बघवत नव्हतं. "आई, नऊ वर्षांच्या पोरीनं एका मरणाचं ओझं घेऊन जगायचं? पट्टी लाव, दहा मिनिटांत सुटेल."

"लावशील तर याद राख."

तो मान हलवून आत गेला. मला वाटलं, ऐकलं.

दहाव्याला जाताना मी शर्वीला म्हटलं, "संगीताला या दिवसांत घाटावर नेत नाहीत, जावई विधीला आमच्याबरोबर, ती एकटी आहे. अकरा वाजता डबा ने. स्वैपाकाच्या ओट्यावर भरून ठेवलाय." ती म्हणाली, "हो आजी." डोळे सुजलेले, पण आवाज पक्का. सुहास घरी होता. सुट्टी घेतली म्हणाला. मला बरं वाटलं. बघा माझी अक्कल.

परत आले, चपला काढल्या. चहाचं विचारून झालं. आत बघते तर शर्वी पाटावर बसून चित्र रंगवतेय. छबूचं चित्र. भोवती फुलं, वर सूर्य. चेहरा कसा, पावसानं धुतलेल्या पाटीसारखा. "आजी, मी आता रडत नाही. छबूआजी शांत आहे. मीपण शांत आहे."

आणि ओट्यावर डबा. तसाच. झाकणावर मी सकाळी घट्ट मारलेली फडक्याची गाठ तशीच.

"शर्वे, संगीताचा डबा?"

"मी इथूनच तिला माया पाठवली, आजी. खूप वेळ."

मी सुहासकडं वळले. आवाज चढवला नाही. ओरडले असते तर त्याला सोपं गेलं असतं.

"किती वेळ लागला?"

"अकरा मिनिटं." त्यानं टॅबलेट पुढं केला. "बघ, लाल रेघ किती खाली आली. दहा दिवसांत पहिल्यांदा पोर हसली, आई. हसली! तुला तिनं रडत राहायला हवं होतं का?"

"हो."

त्यानं पुढं केलेला टॅबलेट खाली घेतला.

"हो. छबू गेली त्यातलं निम्मं माझं आहे, मी सही केली. निम्मं तुझं आहे, तू यंत्र केलंस. त्यातलं चिमूटभर पोरीच्या वाट्याला आलं होतं. पण ती चिमूट तिच्या पायांत उतरली होती, म्हणून ते पाय अकरा वाजता उठत होते. तू ती चिमूट काढलीस. संगीता सकाळपासून उपाशी आहे."

"मी देतो डबा नेऊन, त्यात काय एवढं."

"आता म्हटल्यावर. डबा सकाळपासून तुझ्या डोळ्यांसमोर होता."

त्यानं मान खाली घातली. मला वाटलं, आता तरी. पण वर बघितलं तर तोच निवांत चेहरा. "आई, पुढच्या महिन्यात जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांना पट्ट्या जाणार आहेत. त्या शनिवारची शर्वीची हिरवी रेघ, आम्ही आजवर पाहिली त्यात सगळ्यात उंच होती. इतकी माया कुठल्याच पोरात मोजली गेली नाही. ती वाया जाऊ द्यायची?"

"म्हणजे ते कागदात लिहिलंस तू?"

"लिहावं लागतं."

"छबूचं नाव घातलंस?"

"नावं घालत नाहीत, आई. 'शेजारील वृद्ध महिला' एवढंच."

"ती मेली हे घातलंस?"

त्यानं टॅबलेट पालथा ठेवला. पुढं आला, एक हात माझ्या खांद्यावर ठेवला, दुसरा स्वतःच्या छातीवर. "तुझं दुःख मला कळतंय, आई." आणि तेव्हा मला दिसले. त्याच्या कपाळावर, भुवयांच्या वर, दोन ताजे लाल वळ. पोरीच्या शेजारी बसून यानंही पट्टी बांधली होती. त्याचंही उरकून घेतलं होतं.

मी त्याचा हात खांद्यावरून काढला. ओट्यावरचा डबा उचलला, चपला पायांत घातल्या आणि दारात उभी राहिले. पोरगी रंगवत होती, तिला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं बोलले.

"सुहास, तुला लाज वाटावी म्हणून मी बोलत नाही. तीही एक कळच, तू ती सकाळीच काढून ठेवलीस. माझा निकाल तेवढा ऐक. तू दुष्ट नाहीस. दुष्ट असतास तर लोकांनी तुला दारातच अडवलं असतं, तुझी पट्टी पोरांच्या कपाळाला लावून घेतली नसती. तू लोकांची माया खाली बसवलीस आणि तिचे पाय कापलेस. मी मेले की गल्ली तुझ्या दारात येईल, चटया टाकेल, खरं खरं रडेल आणि जेवायला घरी जाईल. तुझी लेक तुझ्याशेजारी डोळे मिटून बसेल, आणि तिचा दिवा गल्लीत सगळ्यात हिरवा असेल. तुझ्या पुढ्यात एक भाकरीसुद्धा येणार नाही. आणि बाळा, तू उपाशी आहेस हे तुला कळणारसुद्धा नाही."